उचकीचं गाणं

लखनौच्या तेलीबागेतल्या आमच्या घरात गाणी दोन मजल्यांवर राहायची. वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहत होतो. तिथे बाबांचा टेपरेकॉर्डर होता, त्याच्यावर आईने विणलेलं क्रोशाचं झाकण होतं, आणि ते झाकण बाबांशिवाय कुणी उचलायचं नाही असा दंडक होता. त्यात वाजायची ती फक्त मराठी गाणी. सकाळी अभंग, संध्याकाळी भावगीतं, रविवारी दुपारी जेवण जरा जास्त झालं की नाट्यगीतं. उन्हाळ्यात सांगलीला गेलो की बाबा आधी कॅसेटच्या दुकानात जायचे आणि मग आत्याकडे. आत्याने हे त्यांना कधी माफ केलं नाही. खालच्या मजल्यावर घरमालकीण तिवारी आंटी राहायच्या. त्यांचा रेडिओ दूधवाल्याच्याही आधी उठायचा आणि दिवसभर हिंदी सिनेमाची गाणी म्हणायचा. समोर पानाची टपरी होती, तिला भोंगा होता. लग्नसराईत बँडवाले यायचे. आणि रायबरेली रोडवर माणसं नेणाऱ्या टेम्पोत मागच्या सीटखाली स्पीकर बसवलेले असत, त्यामुळे तिथलं गाणं कानांपेक्षा बुडानेच जास्त ऐकावं लागे.

बाबा बँकेत होते. बदली होऊन लखनौला आले आणि पुन्हा बदली होईल या आशेवर पुढची कितीतरी वर्षं राहिले. भिंतीत खिळा ठोकायचा म्हटला तरी ते म्हणत, कशाला, आपण काय इथे राहणार आहोत? तसबिरी मेजावर भिंतीला टेकवून ठेवलेल्या असायच्या. त्यांचा दुसरा दंडक म्हणजे उंबऱ्याच्या आत मराठी बोलायचं. मला ते जमायचं, कारण माझी पहिली काही वर्षं सांगलीत गेली होती. माझी धाकटी बहीण मंजू मात्र इथेच जन्मली. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून निघायची हिंदी. आई विचारायची, "मंजू, भात वाढू का गं?" मंजू म्हणायची, "हाँ, थोड़ा सा." बाबा घास हातात धरून थांबत. "मराठीत सांग." मग ती विचारपूर्वक म्हणायची, "हो. थोडंसा." आई पदराने तोंड पुसल्याचं निमित्त करून हसायची. आईला ती आईच म्हणायची, पण बाबांना पापा. मैत्रिणींचे पापा असतात, मग माझेच बाबा का, असा तिचा सवाल होता. मला दीदी म्हणायची.

आई या भांडणात पडत नसे. तिने आपल्या परीने दोन्ही मजले एकत्र केले होते. थंडीत मटार स्वस्त झाले की तिवारी आंटींकडून शिकलेला निमोना करायची. निमोना म्हणजे हिरव्या मटारांची वाटून केलेली आमटी, तिकडे घरोघरी होते. आई त्यात वरून सांगलीचा गोडा मसाला घालायची. आंटी एकदा चाखून म्हणाल्या होत्या, "बहन जी, ये क्या बना दिया आपने?" पण वाटी पुसून खाल्ली. मी आता जमशेदपूरला सुनेच्या स्वयंपाकघरात तो करते तेव्हा सून मसाला नको म्हणते. मी घालते. म्हातारपणी एवढा हट्ट चालतो.

तर त्या थंडीत ते गाणं आलं. सिनेमाचं नाव मला आजही नीट सांगता येणार नाही, आम्हाला तो बघायला कुणी नेणार नव्हतं. एक बाई टांग्यातून सासरी निघाली आहे आणि तिला सारख्या उचक्या लागताहेत. टांगेवाला विचारतो, कोण एवढी आठवण काढतंय? ती नाव सांगत नाही. गाण्यात एवढंच आहे. पण दर ओळीनंतर गाणारी एक उचकी घ्यायची, आणि ती उचकी अशी काही नखरेल होती की अख्खं शहर उचक्या द्यायला लागलं. भाजीवाला तराजू उचलताना उचकी द्यायचा. शाळेत बाईंनी प्रश्न विचारला की मागच्या बाकावरून उचकी. बाबा म्हणाले, "याला गाणं म्हणतात होय? ही अपचनाची तक्रार आहे." हे सांगून त्यांनी ते गाणं घरात बंद केलं.

मंजू तेव्हा आठेक वर्षांची असेल. तिला ते गाणं लागलं होतं, दुसरा शब्द नाही. बंदी असल्यामुळे ती ते जिन्यात म्हणायची. घर आणि आंटी यांच्या मधला जिना हा दोन्ही दंडकांच्या बाहेरचा मुलूख होता. एका पायरीवर ती टांगेवाला व्हायची, दुसरीवर नवरी. माझ्या ओढण्या तिने त्या नाटकापायी लोळवल्या आणि मी तिला त्याबद्दल दोनदा चांगली बदडली, त्याचं मला आजही काही वाटत नाही. ओढण्या माझ्या होत्या. पण ती गायची मात्र सुरेख. बाबा दाराआड उभे राहून ऐकतात हे मी पाहिलं होतं. मग खाकरून आत यायचे आणि "जिन्यात गार वारा आहे" एवढंच म्हणायचे.

वसंत पंचमी होऊन गेली होती. सकाळी शाळेची तयारी करताना मंजू म्हणाली, "दीदी, बत्ती बंद करो." दिवा लागलेला नव्हता. खिडकीतून नुसतं धुक्यातलं ऊन येत होतं. मी म्हटलं, नाटकं करू नको. तिने डोळ्यांवर हात घेतले आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. अंगाला हात लावला तर चटका बसला. आईने कपाळावर पट्ट्या ठेवल्या, लिंबाचं सरबत दिलं, ते तिने ओकून टाकलं. बाबा बँकेत निघून गेले होते. दुपारी तिची मान वाकेना. आई तिला उठवून बसवायला गेली तर ती पाटासारखी आडवीच उचलली गेली, आणि मग तिला झटका आला. आईचा तो आवाज ऐकून तिवारी आंटी अनवाणी वर आल्या. त्यांनीच रस्त्यावर जाऊन टेम्पो अडवला, आतल्या माणसांना खाली उतरवलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "कहीं रुकना मत, भैया."

टेम्पोत ते गाणं लागलेलं होतं. लागणारच, तेव्हा दुसरं काही लागतच नव्हतं. मंजूचं डोकं आईच्या मांडीवर आणि पाय आंटींच्या. तिचा हात माझ्या हातात होता. डोळे मिटलेले. पहिली ओळ संपली, उचकी आली, आणि माझ्या तळव्यावर तिचं बोट हललं. दुसरी ओळ संपली, पुन्हा हललं. मी आईला सांगणार तेवढ्यात आई ड्रायव्हरवर किंचाळली, "बंद करो वो! बंद करो!" त्याने घाबरून बटण दाबलं. पुढे तिचं बोट हललं नाही.

रुग्णालयात त्याला दिमागी बुखार म्हणाले, म्हणजे मेंदूचा ताप. मुलांच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली. पाठीत सुई घालून पाणी काढलं, हाताला सलाईन लावलं, आणि मग काही करायचं उरलं नाही. ती नुसती पडून होती. शेजारच्या खाटेवर बाराबंकीकडच्या एका बाईचा मुलगा होता, त्यालाही असंच काहीतरी, पण तो अधूनमधून रडायचा. मला त्या बाईचा हेवा वाटायचा. रडणारं मूल असणं ही केवढी चैन आहे हे मला तिथे कळलं. डॉक्टर तरुण होते, चेहरा दमलेला. ते बाबांना म्हणाले, "दवा चल रही है. आप लोग इससे बात करते रहिए. जो इसे अच्छा लगता हो, वही सुनाइए. क्या पता, किस बात पर लौट आए."

बाबांना काहीतरी करायला हवंच होतं. दुसऱ्या दिवशी ते टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन टेम्पोतून आले, क्रोशाच्या झाकणासकट. खिशात वायर, पिशवीत कॅसेटी. सिस्टरने हळू आवाजात वाजवायची परवानगी दिली. आणि मग त्या वॉर्डात मराठी गाणी सुरू झाली. पहाटेची, पावसाची, माहेरची. आई तिच्या कानाशी लहानपणचं अंगाईगीत म्हणायची. खरं तर ते माझ्या लहानपणचं होतं, मंजू झोपायची ती आंटींच्या रेडिओवर. बाराबंकीच्या बाईने विचारलं, "ई कउन भासा है, बहिनी? भजन होय?" आईने मान हलवली. ती बाई गाणं लागलं की हात जोडून बसायची.

काही फरक पडला नाही. बाबा कॅसेटी बदलत राहिले. मी म्हटलं, "बाबा, तिचं ते गाणं आणा ना. उचकीचं. टेम्पोत तिने ऐकलं होतं, तिचं बोट हललं होतं."

"झटक्यामुळे हललं असेल," बाबा म्हणाले.

"नाही. बरोबर जागेवर हललं."

त्यांनी मला व्हरांड्यात नेलं आणि समजावून सांगितलं. बाबा चिडले की समजावून सांगत. त्यांची आई, म्हणजे माझी आजी, माहेरची कानडी होती. लग्नानंतर सगळा जन्म मराठीत गेला, मुलंबाळं, पाहुणेरावळे सगळं मराठीत. पण शेवटच्या तापात तिला मराठी कळेनासं झालं. ती कानडीत पाणी मागत होती आणि घरात कुणाला कळत नव्हतं. बाजारातून एका कानडी फुलवालीला बोलावून आणलं, तिने हाक मारली तेव्हा आजीने डोळे उघडले. "मी पाहिलंय हे," बाबा म्हणाले. "माणूस खोल गेला की बाहेरचं सगळं गळून पडतं. आईची भाषा तेवढी उरते. वरवरच्या गाण्यांनी ती येणार नाही, बाळ. तिला मुळाशी जाऊन हाक मारायला हवी."

मी तेरा-चौदा वर्षांची होते आणि माझ्या नाकावर राग असायचा, आजही असतो. मी त्या व्हरांड्यात, माणसांच्या देखत ओरडले, "आईची भाषा मराठी आहे! तिची नाहीये! तुम्ही तिला जिथे शोधताय तिथे ती कधी राहिलीच नाही!"

बाबांनी हात उगारला नाही. ते भिंतीपाशीच्या बाकावर बसले, चष्मा काढून. आमच्या घरात तोवर हे कुणी बोललं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं. खिळे न ठोकलेल्या भिंतींनाही ठाऊक असावं. मी घाबरले, वाटलं आपण त्यांना काहीतरी करून बसलो. पण आता इतक्या वर्षांनी विचार करते तेव्हा वाटतं, बरं झालं बोलले. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

त्या संध्याकाळी ते हज़रतगंजला गेले ती कॅसेट आणायला. बाबा दुकानात उभे राहून त्या गाण्याचं नाव घेताहेत हे दृश्य एरवी आम्ही वर्षभर पुरवून हसलो असतो. कॅसेट मिळाली. तिच्या वेष्टनावर नवरीचं रंगीत चित्र होतं, म्हणून ती त्यांनी रुमालात गुंडाळून आणली होती. पण सकाळी वॉर्डात आणखी एक मूल आणलं होतं, फारच वाईट अवस्थेत, आणि सिस्टर म्हणाली, "मशीन अब नहीं चलेगी, भाई साहब. मुँह से सुना दीजिए, धीरे-धीरे."

बाबा टेपरेकॉर्डरची वायर गुंडाळत बसले. बराच वेळ गुंडाळत होते. मी म्हणणार होते की मी गाते, मला येतं. तेवढ्यात त्यांनी खुर्ची खाटेशी ओढली, मंजूच्या कानाशी वाकले आणि गायला लागले. मी थक्क झाले. त्यांना ते गाणं पूर्ण येत होतं. तिन्ही कडवी, मधलं टांगेवाल्याचं बोलणं, सगळं. रोज तेलीबागेहून हज़रतगंजला बँकेत जाताना आणि येताना टेम्पोत ते त्यांच्या अंगात मुरलं होतं. आणि पहिली ओळ संपल्यावर त्यांनी उचकीसुद्धा दिली. पांढऱ्या शर्टातले, भावगीतांचे भोक्ते, बँकेतले माझे बाबा. आई म्हणाली, "अहो…" बाराबंकीच्या बाईला ते गाणं येत होतं. तिने आज हात जोडले नाहीत, पदर तोंडाला लावला.

पण मंजू हलली नाही. बोटसुद्धा नाही. मी तिचा हात धरून बसले होते, प्रत्येक उचकीला श्वास रोखत होते. बाबांनी पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं. तो सबंध दिवस, आणि पुढचे दिवसही. बँकेत रजा टाकली. त्यांचा आवाज बसला, मग नुसता वाऱ्यासारखा झाला, तरी थांबेनात. आई म्हणायची, "अहो, पाणी तरी घ्या." ते घोट घ्यायचे आणि पुन्हा वाकायचे. मी हट्टाने मागितलेलं गाणंही कामी येत नव्हतं, आणि आता माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी तिच्या कानात हळूच शिव्या दिल्या. ओढण्या देईन म्हटलं, सगळ्या. तिवारी आंटी डबा आणायच्या, तो तसाच परत जायचा. डॉक्टर आधी "देखते हैं" म्हणायचे, ते म्हणेनासे झाले. एके दिवशी त्यांनी बाबांना विचारलं, "घर से किसी को बुलाना हो तो बुला लीजिए." बाबांनी सांगलीला तार केली. तार करून आले आणि चपला काढून पुन्हा खुर्चीत बसले आणि गायला लागले. मला ते गाणं आता सहन होत नव्हतं. आज कुठे लग्नात कुणी जुन्या गाण्यांच्या नादात ते लावलं तर मी ताट ठेवून उठते. यजमानांना वाटतं, जेवण आवडलं नाही.

आत्या पोहोचायच्या आधीची दुपार. खिडकीतून ऊन खाटेवर आलं होतं. बाबा गात होते, आई पेंगत होती. मंजूने डोळे उघडले. पापण्या फडफडल्या वगैरे काही नाही, झोपेतून उठावं तशी उठली. छताकडे पाहिलं, मग आईकडे, आणि मोठ्यांदा म्हणाली, "आई, प्यास लगी है."

आईने हंबरडा फोडला. वॉर्डातल्या बायका जमल्या. मी काय केलं मला आठवत नाही, मी खाटेच्या लोखंडावर डोकं आपटून घेतलं असं आई नंतर सांगायची. सिस्टरने चमच्याने पाणी दिलं, मंजूने ते गिळलं. बाबा मात्र जागचे उठले नाहीत. गाणं थांबलं तर ती पुन्हा जाईल अशी त्यांना भीती वाटली असावी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते गातच होते, त्या फाटक्या आवाजात. मंजूने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडाकडे ती बघत राहिली, कपाळाला आठी घालून.

"पापा," ती म्हणाली, "गाना है क्या? ज़ोर से गाइए न."

बाबा हसले. त्यांनी आवाज चढवला, जेवढा उरला होता तेवढा.

"ज़ोर से."

बाबा उभे राहिले. त्यांचा घसा मोकळा झाला की फाटला कोण जाणे, पण तो आवाज व्हरांड्यापर्यंत गेला. नवीन आलेल्या मुलाचे वडील दारात येऊन उभे राहिले. सिस्टर धावत आली, "भाई साहब, और भी बच्चे हैं…" आणि मध्येच थांबली. ती मंजूच्या मागे गेली आणि तिच्या कानाजवळ दोन्ही हातांनी जोरात टाळी वाजवली. मी दचकले. पलीकडचा मुलगा रडायला लागला. मंजूची पापणीसुद्धा लवली नाही. तापाने तिचे कान नेले होते, आणि ते कधी गेले हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. सिस्टर माझ्या नजरेला नजर न देता डॉक्टरांना बोलवायला गेली. बाबांनी टाळी पाहिली होती. त्यांना कळलं. ते गायचे थांबले नाहीत.

"और ज़ोर से, पापा," मंजू ओरडली.

आईला अजून काही कळलं नव्हतं. ती बाराबंकीच्या बाईचे दोन्ही हात धरून हसत-रडत सांगत होती, "सुना आपने, बहन जी? गाना माँग रही है. मेरी बेटी गाना माँग रही है."